प्रत्येक दुखण्याला सुई नसते

रोवण्याचे दिवस सुरू झाले की आमच्याकडे येणाऱ्या बायांची मागणी एकच असते. "सिस्टर, एक सुई मारून द्या, उद्या पुन्हा बांधीत उतरायचं आहे." कंबर किती दिवसांपासून दुखते, पायात कळ जाते का, रात्री झोप लागते का, हे सांगायला त्यांना वेळ नसतो आणि त्यांना हे विचारायची कोणाला सवयही नसते. चंद्रपूर-गडचिरोलीत बाईचं अर्धं वर्ष वाकूनच जातं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपानं तोडून ७०-७० पानांचे पुडे बांधायचे, जुलै-ऑगस्टमध्ये चिखलात रोवणा, दिवाळीच्या पुढेमागे धानाची कापणी. मधल्या वेळात सरपण आणि पाण्याचे गुंड. पुरुष मंडळी राईस मिलमध्ये, कोळसा खाणीत, नाहीतर ५० किलोच्या सिमेंटच्या पोत्याखाली. एवढं करून कंबर दुखली तर तिला आजार म्हणायला कोणी तयार नाही. "कामाचं दुखणं आहे, कामानंच जाईल," असं घरातलेच म्हणतात.

हे दुखणं मोजण्याचं काम आपल्याच जिल्ह्यात झालं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत सुरू केलेली 'सर्च' ही संस्था नवजात बाळांचे मृत्यू कमी करण्याच्या कामासाठी जगभर ओळखली जाते. त्याच संस्थेनं खेड्यांतल्या प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कंबरदुखीचा आणि सांध्या-स्नायूंच्या दुखण्याचा अभ्यास केला. तो २०२१ मध्ये 'जर्नल ऑफ ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात छापून आला. मुंबईचे मणक्याचे सर्जन डॉ. शेखर भोजराज त्याच्या लेखकांपैकी एक आहेत. कंबरदुखी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असं त्या निबंधाच्या शीर्षकातच म्हटलं आहे. आम्हाला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. मलेरियाला, टीबीला, बाळंतपणाला उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये रकाना आहे. कंबरेला नाही. ज्याला रकाना नाही त्याला औषध नाही, आणि मग तिथे झोलाछाप डॉक्टर शिरतो.

जगातही हा प्रश्न लहान नाही. २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज 'लॅन्सेट'च्या संधिवातावरील नियतकालिकात २०२३ मध्ये आला. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल असं तिथे म्हटलं आहे. माणसाला जिवंत ठेवून कामातून उठवणाऱ्या आजारांत कंबरदुखी सगळ्यात वर आहे.

सुईत असतं काय?

वस्तीत येणाऱ्या सुईत बहुधा डायक्लोफिनॅक असतं, कधी त्यासोबत डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड, कधी लाल रंगाचं बी-१२. दुखणं काही तास दबतं, बाई बांधीत उतरते, संध्याकाळी पुन्हा तेच. शे-दोनशे रुपये गेले, म्हणजे मजुरीतला मोठा वाटा गेला. सलाईनबद्दल तर आम्ही वस्तीत नेहमी हिशोब करून दाखवतो. अर्धा लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चमचाभरापेक्षा थोडं कमी. बाकी पाणी. ज्याला तोंडानं पिता येतं त्याच्या कंबरेला या बाटलीचा काही उपयोग नाही. "अंगात ताकद आली" असं वाटतं, कारण घंटाभर आडवं पडायला मिळालं. बाईला बिनबोलणं खाता आडवं पडायला मिळण्याची आपल्याकडे तेवढी एकच सोय आहे, हेही तितकंच खरं.

डायक्लोफिनॅक वाईट औषध नाही. दोन-चार दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेतलं तर चालतं. पण उपाशीपोटी, उन्हात घाम गाळत, महिनोन्‌महिने घेतलं तर पोटात जखम होते आणि किडनीवर मार बसतो. बीपी, शुगर, किडनीचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बाईनं ते स्वतःच्या मनानं घेऊच नये. सुई कुल्ल्यावर चुकीच्या जागी टोचली तर पायाची नस दुखावते आणि पाऊल लुळं पडतं. असे पाय ओढत चालणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

यापेक्षा वाईट म्हणजे बाजारात वातावर मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या आणि गोळ्या. 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा औषधांत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात, भूक वाढते, माणूस खूश. काही महिन्यांनी चेहरा गोल सुजतो, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. कोणी अशा पुड्या महिनाभर किंवा जास्त दिवस घेत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: हा लेख वाचून त्या एकदम बंद करू नका. शरीराला बाहेरच्या स्टेरॉइडची सवय लागलेली असते, अचानक बंद केलं तर माणूस कोसळू शकतो. पुडी सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात जा, डॉक्टर हळूहळू कमी करून देतील.

नव्या अभ्यासांनी काय उलटं केलं

जुन्या काळी कंबर धरली की फळीवर झोपवायचे, पायाला वजन बांधायचे. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर एक साधा प्रयोग झाला. काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना व्यायाम दिले, आणि काहींना सांगितलं की सोसेल तेवढी रोजची कामं करत राहा. सगळ्यात लवकर बरे झाले ते तिसरे. अंथरूण धरणारे मागे राहिले.

"मणक्यात गॅप आला", "गादी सरकली" हे शब्द आता वस्तीत सर्वांच्या तोंडी आहेत. हजारो रुपये खर्चून एमआरआय काढतात, त्यावर काहीबाही लिहून येतं आणि माणूस घाबरून काम सोडतो. २०१५ मध्ये, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३ हजारांहून जास्त लोकांचे असे फोटो एकत्र तपासले गेले. विशीतल्या निरोगी माणसांतही ३७ टक्क्यांची गादी झिजलेली दिसली, ऐंशीतल्यांत ९६ टक्क्यांची. म्हणजे गादीची झीज ही केस पिकण्यासारखी आहे. फोटोत दिसली म्हणून तीच दुखते असं नाही.

पॅरासिटामॉलचंही तसंच. ऑस्ट्रेलियात १ हजार ६५२ लोकांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये छापलेल्या अभ्यासात, नव्यानं कंबर धरलेल्यांना पॅरासिटामॉल दिलं तरी आणि नुसती साखरेसारखी खोटी गोळी दिली तरी बरं व्हायला साधारण १६-१७ दिवसच लागले. यातली आनंदाची गोष्ट कोणी सांगत नाही: अचानक धरलेली कंबर बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुटते. नेमकी त्याच काळात सुई घेतलेली असते, आणि श्रेय सुईला जातं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातच अफूच्या जातीच्या कडक गोळ्या कंबर-मानदुखीवर तपासल्या, त्याही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. आपल्याकडे औषधाच्या दुकानात ट्रॅमाडॉल मागणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं, ते त्याच जातीचं आहे आणि त्याची सवय लागते.

गुडघ्याचं ग्रीस संपलं म्हणून सांध्यात सुई घेणारेही आहेत. अमेरिकेत १४० जणांच्या गुडघ्यांत दर तीन महिन्यांनी दोन वर्षं सुई दिली, अर्ध्यांना स्टेरॉइडची आणि अर्ध्यांना मिठाच्या पाण्याची. २०१७ मध्ये निकाल आला. दुखणं दोघांचं सारखंच, पण स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, दुखण्याबद्दल नीट समजावून सांगणं आणि मालिश यांना जागा आहे. कमरपट्टा, वजन लावून ताणणं आणि अफूच्या जातीची औषधं नेहमीच्या उपचारात नकोत, असं त्यात म्हटलं आहे. आपल्या आज्या तेल लावून कंबर चोळत, ते काही अडाणीपण नव्हतं. डाग देणं मात्र होतं, आणि आजही कुठे दिसलं तर थांबवा.

२०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये चालण्याचा एक अभ्यास आला. ७०१ लोक, सगळ्यांची कंबर नुकतीच बरी झालेली. अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टनं हळूहळू वाढवत आठवड्यात पाच दिवस, रोज अर्धा तास चालायला लावलं. त्यांची कंबर पुन्हा दुखायला मधला काळ २०८ दिवसांचा गेला, बाकीच्यांचा ११२ दिवसांचा.

हे आम्ही वस्तीत सांगितलं तेव्हा एक मावशी हसल्या. म्हणाल्या, "आम्ही तर तेंदूसाठी पहाटेपासून जंगलच तुडवतो, आमची काहून दुखते मग?" प्रश्न अगदी बरोबर आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी बरीच वर्षं हाच विषय लावून धरला आहे. फावल्या वेळातल्या हालचालीनं शरीर सुधारतं, पण मजुरीतल्या हालचालीचा तसा फायदा मिळत नाही, असं त्यांना दिसलं. कारण मजुरीत वेग आपल्या हाती नसतो, थांबणं आपल्या हाती नसतं, तीच हालचाल आठ-दहा तास चालते आणि रात्री पुरेशी विश्रांती नसते. शहरातल्या खुर्चीवरच्या माणसाला चालायला सांगणं ठीक. रोवणाऱ्या बाईला हवी आहे पाळी बदलण्याची मुभा.

म्हणून आमचं सांगणं असं. रोवणा करताना अर्ध्या-पाऊण तासानं सरळ उभं राहा, दोन्ही हात कंबरेवर ठेवून हळूच पाच वेळा मागे झुका. पेंढी टाकणं, रोवणं, पाणी पाजणं ही कामं टोळीतल्या टोळीत आलटूनपालटून घ्या. एक मोठा भारा आणण्यापेक्षा दोन लहान खेपा बऱ्या. ओझं उचलताना गुडघ्यात वाका, भारा छातीशी धरा आणि वळायचं तर पाय वळवा, कंबर पिळू नका. गुडघे दुखणाऱ्यांनी खाटेवर बसून एक पाय सरळ करावा, दहा आकडे मोजावे, खाली ठेवावा, असं दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं हाही मांड्यांचा उत्तम व्यायाम. पहिले आठ-दहा दिवस थोडं जास्त दुखेल. घाबरू नका, दुखणं म्हणजे दर वेळी इजा नसते. फरक पडायला सहा ते आठ आठवडे द्या. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालतं तेव्हा म्हाताऱ्या बाया घंटा-दीड घंटा जमिनीवर मांडी घालून बसतात आणि उठताना रडकुंडीला येतात. त्यांच्यासाठी चार खुर्च्या ठेवल्या तर वंदनेचा काही अवमान होत नाही.

पण सगळा भार बाईच्याच व्यायामावर टाकणं आम्हाला मान्य नाही. घराजवळ नळ आला तर गुंडाचं ओझं जातं, हे कोणत्याही मलमापेक्षा मोठं औषध. कामाचे तास हा दुखण्याचाच प्रश्न आहे. बाबासाहेब मजूर मंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातूनच १९४६ मध्ये कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तेंदूच्या फडीवर आणि धानाच्या बांधीत तो हिशोब अजून पोचायचा आहे.

जे दुखणं कामाचं नाही

आता या लेखातला आमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा भाग. वर सांगितलेलं सगळं कामानं दुखणाऱ्या कंबर-गुडघ्याला लागू आहे. आपल्या भागात मात्र हाडं दुखण्याचं आणखी एक कारण रक्तात असतं, सिकलसेल. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच मध्य भारतातल्या आपल्या महार समाजात सिकल आढळल्याचं 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. गोंड, माडिया, परधान यांच्यातही तो आहे, कुणबी-तेली समाजातही सापडतो. यात कोणाच्या जातीचा दोष नाही. सिकलचा एकच जीन असलेल्या माणसाला जीवघेणा मलेरिया कमी होतो, म्हणून मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हा जीन पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला.

दोन्ही जीन सिकलचे असले की आजार होतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडाला रक्त पोचत नाही आणि असह्य कळा सुरू होतात. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाचे हात-पाय वारंवार सुजतात, बाळ हात लावू देत नाही. शाळेतलं पोर पावसात भिजलं, तापलं, उन्हात पाणी न पिता खेळलं की रात्री "हातपाय दुखतात" म्हणून ओरडतं. घरचे म्हणतात वाढीचं दुखणं, नाहीतर शाळा चुकवायचे बहाणे. डोळे पिवळे दिसले की कावीळ समजून झाडपाला देतात. तरुणपणी जांघेत दुखून पोरगा लंगडायला लागला तर खुब्याच्या हाडाचं टोक रक्ताविना मरत असू शकतं. अशा पोराला कंबरेच्या व्यायामांनी काही होणार नाही, आणि डायक्लोफिनॅकच्या सुया तर पाणी कमी पडलेल्या शरीरात त्याची किडनी धोक्यात घालतात.

सिकलच्या कळेत भरपूर पाणी पाजा, अंग ऊबदार ठेवा, कोमट शेक द्या. बर्फ लावू नका. पॅरासिटामॉल द्या. कळ थांबली नाही तर रुग्णालयात न्या. तिथे गरज पडल्यास मॉर्फिनसारखं औषध देतात आणि ते योग्यच आहे. कंबरदुखीला जे नको म्हटलं ते इथे हवं, म्हणून तर दुखणं ओळखणं महत्त्वाचं. ताप, छातीत दुखणं, दम लागणं, एकदम पांढरं पडणं, पोटाच्या डाव्या बाजूला फुगवटा येणं, यातलं एकही असेल तर रात्र काढू नका. रोजचा उपचारही आहे. फॉलिक अॅसिड, लसी, आणि हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी. या गोळीनं कळा आणि रक्त चढवण्याची वेळ दोन्ही कमी होतात. मात्र ती रक्त तपासत घ्यावी लागते आणि मूल हवं असेल तेव्हा डॉक्टरांना आधी सांगावं लागतं.

तपासणी सोपी आहे. बोटातून रक्त घेऊन आधी विरघळण्याची चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची चाचणी करून माणूस वाहक आहे की रुग्ण ते ठरतं. पहिल्याच चाचणीवर "तुला सिकल आहे" असं कोणी सांगितलं तर दुसरी मागा. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट आहे. वाहक माणूस आजारी नसतो. त्याची कंबर दुखत असेल तर ती सहसा सिकलनं दुखत नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आपण पत्रिका बघत नाही हे चांगलंच, पण रक्ताचा रिपोर्ट दोघांचाही बघायला हवा. एकट्या मुलीचा मागतात आणि वाहक निघाली की नकार कळवतात, असं आम्ही आपल्याच लोकांत पाहतो. त्या घराला विचारावं, तुमच्या मुलाचा रिपोर्ट कुठे आहे? सिकलसेल रुग्णाला २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगांत धरलं आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करा.

चंद्रपूर जिल्ह्यात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वस्तीतल्या पुष्कळ पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आणि मोठ्यांच्या माना-पाठी ताठ, असं एकाच हातपंपावर दिसलं तर ग्रामपंचायतीकडून त्या पाण्याची तपासणी करून घ्या. तिथे दुखण्याचा इलाज पाणी बदलणं हाच.

आणि पाठीचा टीबी. एकाच मणक्यावर दुखणं, रात्री वाढणं, संध्याकाळी ताप, वजन उतरणं. याला खोकला असेलच असं नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेत सुरू झालं तर पाय वाचतात.

कंबरदुखीसोबत पायातली ताकद जात असेल, लघवी-संडासची जागा बधिर वाटत असेल, लघवी अडत असेल किंवा नकळत होत असेल, तर हे तासांचं काम आहे, दिवसांचं नाही. मालिश नको, सुई नको, १०८ ला फोन लावा. झाडावरून किंवा गाडीवरून पडल्यावर पाठ दुखत असेल तर माणसाला उचलून बसवू नका. दारावर किंवा फळीवर सपाट ठेवा, डोकं-मान हलू देऊ नका आणि गाडी येईपर्यंत तसंच राहू द्या.